ओठ सोडून हळद

...आणि वर मलाच विचारतात, ‘हिरूदादा, एवढी कसली घाई होती?’ घाई! तुम्हाला सांगतो, माणूस मेल्यावर घाई करणारे पुष्कळ. बांबू आणायला चौघं पळतात, मडकं आणायला दोघं. जिवंतपणी पळायची वेळ आली की सगळ्यांचं एकच. झोपू दे, उतरेल!

मी शिकलेला नाही. दुसरीत शाळा सुटली, मग जन्मभर भातशेती. बोलतोही कमी. पण हे बोलतो, कारण गावात जो तो आपल्या सोयीचं सांगत सुटलाय.

माझ्या नातवाची हळद होती. जितेशची. रोहिदास माझा मुलगा, जितेश त्याचा. आमचं गाव लोधिवलीच्या आत, नवरी दहिवलीची, अपेक्षा. आता आमच्याकडे लग्न एक वेळ चुकवतील, हळद चुकवणार नाहीत. नवरदेव पाटावर बसतो, एकेक जण येतो, हळद लावतो. आमच्या वेळी गालाला बोट, हाताला बोट, पायाला बोट, झालं. ह्या पोरांनी पातेलंच उपडं केलं! कान, नाक, पापण्या, ओठ... काही म्हणून सोडलं नाही. आणि मांडवामागे दुसरी हळद. तिथेही एकेक जण येतो आणि नवरदेवाला आपल्या हातचा एक पेला पाजतो. नाही म्हणायचं नाही, हातचा मान असतो. प्रत्येकाचा एकच हो! एकाहून जास्त कुणीच पाजला नाही, सगळे शपथेवर सांगतात. पण गावात माणूस काय एकच आहे?

मी जेवून झोपलो होतो. मला विचारून कोण पितो?

सकाळी उजाडलं, मांडवात आलो. नवरदेव सतरंजीवर उताणा पडलेला, घोरतोय. घोरणं तरी कसलं... विहिरीतलं पाणी संपल्यावर पंप जसा गुरगुरतो ना, तसं. उशीवर उलटी. मी हाक मारली, ‘जितेश!’ ह्या घरात माझ्यावर दुसरी हाक मारायची वेळ कुणी आणलेली नाही. त्या दिवशी तिसरीही मारली. मग चिमटा काढला. चांगला पिळून काढला. भुवईसुद्धा हलली नाही.

त्याचा मित्र कमलेश बाजूला चहा पीत बसला होता. म्हणतो, ‘आजोबा, कशाला त्रास देताय त्याला? रात्री फुल्ल होता. उतरेल.’ रोहिदास आला. ‘बाबा, झोपू द्या, वरात निघेपर्यंत उतरेल.’ माझी बहीण सोनुबाई आली. रीतीभातीचं सगळं गाठोडं तिच्याकडे. तिने त्याच्या तोंडावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. ‘काय त्याज आलंय गं बाई तोंडावर! सोन्यावानी दिसतोय पोर!’

सोन्यासारखा! अहो, हळद आहे ती! हळद फासली तर उंबरठ्याचा दगडसुद्धा सोन्यासारखा दिसेल. तिच्याखाली माणूस पांढरा पडलाय की निळा, ते कळणार कसं? अंगाला हात लावला, तर गार. मे महिना, माझी बंडी घामाने पाठीला चिकटलेली, आणि हा गार! कमलेश म्हणतो, ‘पंखा लावलाय ना, म्हणून.’ ह्यांच्याकडे सगळ्याला उत्तर! गार का? पंखा. उठत का नाही? नाचून दमलाय. ओकला का? मटणाला तेल जास्त होतं. आणि उत्तरं संपली की... उतरेल!

मग मी त्याच्या उशाशी बसलो. मला नाडी कळत नाही, मी वैद्य नाही. मी एवढंच केलं, त्याने श्वास घेतला की मी घ्यायचा, त्याने सोडला की मी सोडायचा. त्याने घेतला, मी घेतला. त्याने सोडला, मी सोडला. मग तो थांबला. मीही थांबलो. थांबलो... आणखी थांबलो... डोळ्यांपुढे अंधारी आली, छाती धडधडायला लागली, शेवटी मी तोंड वासून हवा ओढली, आणि तो अजून थांबलेलाच! मग केव्हातरी एकदा गुरगुरला.

मी उठलो. म्हटलं, ‘दवाखाना. आत्ता.’

तुम्हाला सांगतो, मी मांडवाला काडी लावतो म्हटलं असतं तरी एवढा गलका झाला नसता. सोनुबाई आडवी आली. ‘दादा, येड लागलं का तुला? हळद लागलेला नवरदेव हाय तो! वरातीबिगर वेशीभायेर नाय नेत! काय काय मागं लागतं ते तुला मी सांगू?’ रोहिदासला वेशीची काळजी नाही, त्याला दहिवलीची. ‘बाबा, नवरदेव दारू पिऊन दवाखान्यात, असं तिकडे कळलं तर लग्न मोडेल! मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही!’ अरे, तुझ्या तोंडाचं काय घेऊन बसलास, ह्याच्या तोंडाकडे बघ ना! तेवढ्यात कमलेश लिंबूपाणी घेऊन हजर. जितेशचं डोकं उचललं आणि पेला लावला ओठाला. लिंबाने उतरते म्हणे! जो स्वतःची लाळ गिळत नाही, तो लिंबूपाणी कुठे गिळणार? सगळं छातीत जायचं! मी हाताने पेला उडवला.

एक नात तेवढी माझ्या बाजूची. हर्षला, जितेशची बहीण, करवली. तिने कुणाला न विचारता १०८ला फोन लावला होता. फोनवरची बाई म्हणाली, कुशीवर करा, तोंडात काही घालू नका, गाडी पाठवते. गाडी येईल हो, पण शिरेल कुठून? मांडव आम्हीच रस्त्यावर टाकलेला, त्याच्या तोंडाशी डीजेचा टेंपो आडवा, आणि टेंपोचा ड्रायव्हर टपावर झोपलेला. त्याचीही उतरायची होती!

मांडवाच्या पलीकडे एकच गाडी मोकळी. नवरदेवाची. चौक गावच्या हारूनभाईने आदल्या दिवशीच फुलं लावून उभी केलेली. हारून न पिणारा, त्यामुळे गावात शुद्धीवर असलेला पुरुष म्हणजे मी आणि तो.

पण सोनुबाई हात पसरून उभी. बहिणीला मी ओळखतो. तिला जीव सांगून उपयोग नाही, रीत सांगावी लागते. म्हटलं, ‘सोनू, वरातीशिवाय वेस ओलांडत नाहीत ना? मग ही वरात समज. सुरी आण. लिंबू आण. मुंडावळ्या बांध. करवलीला पुढे बसव.’ तिने जरा विचार केला. मग धावत आत गेली आणि हळद लागलेल्याच्या हातात द्यायची ती सुरी घेऊन आली. टोकाला लिंबू, कमलेशचंच उरलेलं.

चौघांनी नवरदेव उचलला. आता बेंजोवाले अंगणात बसले होते, त्यांना काय माहीत? त्यांनी बघितल्या मुंडावळ्या, बघितली करवली, बघितली फुलांची गाडी... आणि धरला ना ताल! पोरं गाडीपुढे नाचायला लागली! मी काच खाली करून ओरडतोय, ‘बाजूला व्हा रं!’ आणि ते एकमेकांना सांगतायत, ‘आज आजोबा पण जोशात हायेत!’ हारूनने हॉर्नवरचा हात काढला नाही. हायवेला लागलो. दहिवलीला जायचं तर चौककडे वळायचं, आम्ही वळलो उलटे. नाक्यावरचा एक जण ओरडला, ‘ओ, नवरी तिकडं हाय!’

मागच्या सीटवर मी. मांडीवर नातवाचं डोकं, कुशीवर. त्याच्या नाकाशी माझी बोटं. हवा लागली की मी म्हणायचो, ‘आहे.’ हारून म्हणायचा, ‘हां चाचा.’ नाही लागली की मी बोलायचो नाही. मग तोही बोलायचा नाही, गाडी आणखी पळवायचा.

दवाखान्याच्या दारात वॉचमनने अडवलं. ‘चाकू आत चालणार नाही.’ हर्षला म्हणाली, ‘नवरदेवाचा आहे.’ तो म्हणतो, ‘मग पेशंट कोण?’ म्हटलं, ‘तोच.’ सुरी त्याच्या हातात दिली आणि आत गेलो.

डॉक्टरीण लहान वयाची. तिने ओला कापूस घेतला आणि आधी त्याचे ओठ पुसले. हळद गेली. खाली ओठ जांभळे. पिकलेल्या जांभळासारखे. रोहिदास मोटरसायकलवरून मागोमाग आला होता. काहीतरी म्हणायला त्याने तोंड उघडलं होतं, ते तसंच उघडं राहिलं.

मग नळी, सुया, ऑक्सिजन. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. उलटी छातीत गेली होती म्हणाली, साखर पार खाली गेलेली, श्वास बंद पडत चाललेला. ‘आजोबा, आणखी थोडा वेळ घरी ठेवला असता तर...’ शिकलेली माणसं अशी वाक्यं अर्धवट सोडतात. मला पुढचं कळलं. मी भिंतीला टेकलो. रडलो नाही.

मुहूर्त गेला. नवरीचा बाप दहिवलीहून भांडायला निघाला, पण त्याच्या आधी नवरीच येऊन पोचली! स्कूटीवर! हळदीच्याच साडीत, तोंड पिवळं. तोवर सोनुबाईही आली होती, तिने कपाळावर हात मारून घेतला. ‘अगो, हिच्या हातात तर सुरी पण नाय!’ अपेक्षा काचेतून आत बघत राहिली. मग म्हणाली, ‘लग्नाचं मागाहून बघू. आधी ह्याला शुद्धीवर येऊ दे. मला ह्याच्याशी बोलायचंय.’ ज्या आवाजात म्हणाली, त्यावरून मला वाटलं, पोराने अंमळ उशिरा शुद्धीवर आलेलं बरं.

आला शुद्धीवर. बरा झाला, घरी आला, लग्नही झालं, बेंजोशिवाय. आणि मग सुरू झालं! पारावर, दुकानात, सोसायटीत... ‘म्हाताऱ्याने उगाच हळदीचा नवरदेव बाहेर काढला. डॉक्टर काय, घाबरवतातच. पोरगा धडधाकट आहे की! उतरलीच असती!’ म्हणजे बघा, मेला असता तर हेच म्हणाले असते, ‘म्हातारा नुसता बघत बसला.’ जगला, तर उगाच नेला. आणि कहर सांगू? वर्ष उलटलं, आणि परवा जितेश स्वतः म्हणतो, ‘आजोबा, मला वाटतं, उतरली असती.’ त्याच्या मागे अपेक्षा उभी होती. तिने नुसतं बघितलं. तो विहिरीवर पाणी आणायला गेला. आमच्या विहिरीला मे महिन्यात पाणी नसतं.

मागच्या महिन्यात कमलेशची हळद झाली. मी गेलो. पाटाशेजारी काठी घेऊन उभा राहिलो. म्हटलं, ‘काय फासायचं ते फासा. ओठ सोडून.’ पोरं म्हणाली, ‘का?’ म्हटलं, ‘मला सकाळी बघायचेत.’ हसली. पण काठी होती, सोडले ओठ.

आता परवा सोनुबाई शेजारच्या गावातल्या बायकांना सांगत होती, मी ऐकलं. ‘आमच्यात नवरदेवाच्या ओठाला हळद नाय लावत बाय. वाडवडलांपासनं रीत हाय.’ आणि त्या बायका माना डोलावतायत!

म्हटलं, असू दे. वाडवडलांपासून तर वाडवडलांपासून. रीत म्हटलं की ऐकतात. जीव म्हटलं असतं, तर म्हणाल्या असत्या... उतरेल!