आय आय, उस्ताद

सहादू : फोटो भिंतीकडं तोंड करून कुणी टांगला गं, निकिता?

निकिता : नानांनी. तेराव्याचे पाहुणे उठले आणि लगेच. मी दोनदा सरळ केला, दोनदा यांनी परत फिरवला.

नाथा : माझी भिंत हाय. चहा पी सहादू, आन् वाटंला लाग.

सहादू : तुझ्या सासऱ्याला सांग पोरी, मला दर्यानं हाकलला नाय, हा काय हाकलतोय. नाथा, उद्या घाटावर आपल्या जीवरक्षक मंडळाचा कार्यक्रम हाय. बोर्ड लावणार नवनाथच्या नावाचा. बाप नसला तर कसं दिसंल?

नाथा : बोर्डावर काय लिवलंय ते वाच की, पोरी. मोबाईलवर आलंय ना.

निकिता : "पुरात वाहून जाणाऱ्या महिलेला वाचवण्यासाठी, कुणाच्याही आदेशाची वाट न पाहता झेप घेणारा वीर जीवरक्षक नवनाथ."

नाथा : ऐकलंस? आदेशाची वाट न पाहता. लगीन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ह्या उंबऱ्यावर हात धरून वचन घेतलं होतं त्याच्याकडनं. उस्ताद सांगंल तवाच पाण्यात उतरायचं, मनानं नाय. ही पोर उभी होती इथंच. तुझ्या भरवशावर सोडला होता मी त्याला. मेला त्याचं दुःख हायेच रे. पण मला खोटं बोलून मेला, ते गिळत नाय.

निकिता : नाना, पुरे ना.

नाथा : काय पुरे? सात महिने झाले न्हवते लग्नाला. चला, मारली उडी, झाला वीर. हिनं काय करायचं त्या बोर्डाचं? वाळवण घालायचं त्यावर?

सहादू : चहात साखर लय झाली.

निकिता : घातलीच नाहीये, काका. तुमच्या डायबेटिसमुळे.

सहादू : असंल.

निकिता : काका, एक विचारू? यांच्यासोबत होडीत असलेला दत्तू सांगत होता, वॉकीटॉकीवर यांचा शेवटचा शब्द होता "आय आय". मी मोबाईलवर पाहिलं. जुना इंग्रजी शब्द आहे, अर्थ नुसता "हो". तिकडं सभेत मत देतानाही म्हणतात. पण मग हे कुणाला "हो" म्हणाले?

नाथा : म्हणला असंल वाऱ्याला.

सहादू : मोबाईलला काय कळतंय. मोबाईल कधी टगबोटीवर चढलाय का?

निकिता : मग "हो" नाही?

सहादू : बस, सांगतो. मी चौथी पास. गोदीत टगबोटीवर लागलो तवा मिसरूड बी फुटलं न्हवतं. पहिल्या दिवशी कप्तान वराडला, रस्सी सोड! मी म्हणलं, हो साहेब. त्यानं डोक्यावरची टोपी फेकून मारली. म्हणला, तुझं मत कुणी विचारलं रे? "जेवलास का" विचारलं, तर एकदा "आय" म्हण. ते झालं "हो". हुकूम आला की दोनदा म्हणायचं, आय आय. म्हंजे ऐकलं, समजलं, करतो. तुला पटो न पटो.

नाथा : आन् तेच खूळ घाटावरच्या पोरांना लावलंस.

सहादू : लावलं. पहिल्या दिवशी पोरं फिदीफिदी हसली, उस्ताद, आईची आठवण आली का म्हणं. तुझा नवनाथ नाय हसला. दोन दिवसांत जिभेवर बसवलं त्यानं. घरात बी म्हणत असंल.

निकिता : दळण आणा म्हटलं की म्हणायचे. आय आय, मॅडम. आणि पाहुण्यांत लाजले की नुसतं एकदाच.

सहादू : मग झालं तर. तुला फरक ठावं हाय.

निकिता : काका... त्या दिवशी दोनदा म्हणाले ते. दत्तूनं दोनदा ऐकलं.

सहादू : व्हय.

निकिता : म्हणजे कुणीतरी हुकूम दिला होता.

नाथा : वॉकी कुणाकुणाकडं होती, सहादू?

सहादू : दोनच होत्या. एक होडीत. एक पुलावर, माझ्या हातात.

नाथा : बोल पुढं.

सहादू : पाणी चढत होतं. मला लाल लुगडं दिसलं. बाई, हात वर केलेली. मी वॉकीवर म्हणलं, नवनाथ, बाई हाय, उतर. त्यो म्हणला, उस्ताद, मला बाई दिसत नाय. होडी जवळ होती रे, नाथा, माझ्यापेक्षा कितीतरी जवळ. मी म्हणलं, मी बघतोय ना वरनं? जा! त्यो मग म्हणला, आय आय, उस्ताद.

निकिता : त्यांना पटलं नव्हतं.

सहादू : नाय. पटलं असतं तर आधी "दिसली" म्हणला असता.

नाथा : आन् ती बाई?

सहादू : बाई न्हवती. टाकळी गावाच्या खाली, बाभळीत अडकलेलं दिसलं मला चार दिवसांनी. गोधड्यांचं बोचकं, लाल लुगड्यात बांधलेलं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू हाय माझ्या. डॉक्टर उन्हाळ्यातच म्हणला होता, काढून टाका. मी म्हणलं, पुराचे दिवस जाऊ देत. मंडळाला कळलं असतं तर पुलावरनं खाली उतरवला असता मला. पोलीस आले, पेपरवाले आले. सगळे म्हणले पोरानं आपणहून उडी घेतली. मी नाय म्हणलो नाय.

(नाथा उठून दारापर्यंत जातो, तसाच परत येऊन बसतो.)

नाथा : त्यानं सांगितलं तुला, दिसत नाय.

सहादू : सांगितलं.

नाथा : तरी उतरला.

सहादू : मी जा म्हणलं म्हणून. शब्द पाळला पोरानं तुझा. काय मारायचं ते मार मला.

नाथा : दहाव्याला कावळा शिवंना. दोन तास बसलो घाटावर. मी हात जोडून म्हणलं, निकिताला लेकीसारखी सांभाळीन, नाय शिवला. ह्याचं लोनचं मी बघीन, नाय शिवला. शेवटी भटजीनं दर्भाचा कावळा करून लावला. तवा मी काय बोललो, आठवतंय का?

सहादू : नाथा, नको.

नाथा : मी म्हणलं, लबाडाच्या पिंडाला कावळा कशाला येतोय. माझ्या तोंडानं म्हणलं. आन् तू माझ्या शेजारी उभा होतास. छत्री धरली होतीस माझ्यावर.

सहादू : मला ठावं होतं त्यो कशापायी अडलाय. जीभ उचलली नाय रे.

निकिता : काका, मी त्या दिवशी तुमच्या पाया पडले होते. म्हटलं, एक तरी माणूस यांना चांगलं म्हणतोय.

सहादू : पोरी, त्याच्यापायीच झोप लागत नाय मला.

नाथा : उद्या बोलशील? माईकवर, सगळ्यांपुढं? जा म्हणलास ते, त्यो दिसत नाय म्हणला ते. बोचकं, डोळा, सगळं?

सहादू : आय आय.

नाथा : तसं नको. मी हुकूम देत नाय तुला.

सहादू : मग?

नाथा : तुला पटतंय का, सांग.

सहादू : हो. हो नाथा, बोलतो.

नाथा : बोर्डावरची ती ओळ खोडून घ्या म्हणावं. वाट बघितली होती त्यानं. पोरी, फोटो सरळ कर.

निकिता : तुम्ही करा, नाना. फिरवला पण तुम्हीच होता.

नाथा : स्टूल दे मग इकडं... हलतंय हे. सहादू, धर.