शेपटीच्या चाकाचं विमान

दर संकष्टीला मी बाप्पाकडे काय मागते, विचारत होतात ना? माझ्या सासऱ्यांनी, बाबांनी, नातीचं नाव एकदा तोंडाने घ्यावं, एवढंच. बाबा पूर्वी विमान चालवायला शिकवायचे. आता घरातल्या कुणालाच ओळखत नाहीत.

परवा मोदक वळत होते, तर विमान शिकायला गेलेल्या माझ्या मधुराचा फोन. रडवेली झाली होती.

"आई, हे शेपटीला चाक असलेलं विमान उतरवताना टेकलं की गर्रकन फिरतं गं. सर म्हणतात, तुला जमायचं नाही."

मी फोन स्पीकरवर टाकून बाबांसमोर धरला. ते एकदम ताठ बसले.

"चाकं टेकली की पेडलवरचे पाय सैल सोडतेस ना? नजर लांब ठेव. स्टिक पोटाशी ओढून धर. नाक जरा वळलं की लगेच उलट्या बाजूचा पाय दाब, हलकेच. पूर्ण थांबेपर्यंत उतरलीस असं समजायचं नाही."

"कळलं, आजोबा."

"आजोबा काय? सर म्हण!" बाबा हसले. "माझी पण एक नात आहे, मधुरा. लहान आहे अजून. मोठी झाली की तिलाही शिकवणार आहे."

पलीकडून पोरगी म्हणाली, "नक्की शिकवा, सर."