कोपराची मागची बाजू

(ऑस्ट्रेलियातलं रखरखीत माळरान. गुरांच्या कुरणांवर नुकतेच फोन आलेत. तोवर सगळी बोलणी रेडिओवर, सगळ्यांना ऐकू जातील अशी. सिस्टर दूरच्या दवाखान्यातली नर्स; तिथले डॉक्टर विमानाने फिरतात.)

सिस्टर : क्लॅरी, दर वाक्याला ‘ओव्हर’ म्हणू नका. हा फोन आहे.

क्लॅरी : माहीत आहे. ओव्हर.

सिस्टर : आणि ओरडूही नका.

क्लॅरी : मग थेल्माला कसं ऐकू जाणार?

सिस्टर : कोण थेल्मा?

क्लॅरी : शेजारच्या कुरणावरची. शेजारच्या म्हणजे, सकाळी निघालं की माणूस जेवायच्या वेळेला पोचतो. मी रेडिओवर डॉक्टरांशी बोलायला लागलो की मध्ये तोंड घालायचीच. डॉक्टर म्हणाले, पातळ पदार्थ भरपूर घ्या. ही म्हणे, तेच तर घेतो तो.

सिस्टर : आता लाइनवर आपण दोघंच आहोत. कोपराला काय झालं, ते सांगा.

क्लॅरी : पवनचक्कीची शिडी निसटली. खाली खडी होती. तिने झेललं.

सिस्टर : हात वाकतो नीट? रक्त?

क्लॅरी : वाकतो. रक्त थांबलंय. कातडी सोलवटलीय, आत खडे आहेत. थोडं रॉकेल ओतलं.

सिस्टर : रॉकेल कशाला?

क्लॅरी : घोड्याला तेच लावतो.

सिस्टर : घोडा काही बोलत नाही?

क्लॅरी : इथे बोलणारा तोच एक आहे, पण कमी बोलतो.

सिस्टर : आधी साबणाने हात धुवा. मग जखमेवर प्यायचं पाणी सोडा, भरपूर. टाकीतलं, विहिरीचं नको. वर राहिलेले खडे चिमट्याने काढा. चिमटा आधी उकळा.

क्लॅरी : दाढीच्या आरशात बघतोय. कोपर अर्धंच दिसतंय, मागची बाजू नाहीच, आणि चिमटा पुढे नेला की मागे जातो.

सिस्टर : मग पाणीच जास्त सोडा. कापूस लावू नका, तंतू चिकटतात. आम्ही दिलेल्या औषधांच्या पेटीत सतरा नंबर लिहिलेली पट्टी आहे, न चिकटणारी. ती ठेवून वर बँडेज गुंडाळा.

क्लॅरी : एका हाताने?

सिस्टर : दुसरं टोक दातात धरा.

क्लॅरी : धरलं. (फोन खाली पडल्याचा आवाज.) आहात ना, सिस्टर?

सिस्टर : आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंत?

क्लॅरी : ते थेल्माला विचारा.

सिस्टर : तुमचं इंजेक्शन?

क्लॅरी : तिला सगळं पाठ. मी एकदा तारेवर पडलो होतो, तेव्हा टोचलं. त्या वर्षी तिच्याकडे पूर आला होता की दुष्काळ होता, तेही सांगेल. मला फक्त तार आठवते.

सिस्टर : पाच वर्षं उलटली असतील तर डॉक्टरांचं विमान येईल तेव्हा टोचून घ्यावं लागेल. आणि उद्या सकाळी जखम बघायची. लाली पसरली, गरम लागली, पू दिसला, तर लगेच कळवायचं.

क्लॅरी : मागची बाजू मला दिसत नाही, सांगितलं ना.

सिस्टर : दुसरं कोणी आहे तिथे?

क्लॅरी : कामाची पोरं कळप घेऊन गेलीत. पाऊस पडेपर्यंत येत नाहीत.

सिस्टर : म्हणजे थेल्माच. तिला फोन करा. इंजेक्शनही विचारून होईल, आणि उद्या येऊन कोपर बघेल.

क्लॅरी : तिला कधी फोन केला नाही मी.

सिस्टर : रेडिओवर बोलत होतात की.

क्लॅरी : बोलत नव्हतो. मी डॉक्टरांशी बोलायचो, ती ऐकायची. ती डॉक्टरांशी भांडायची, मी ऐकायचो. चौदा वर्षं. असं सरळ एकमेकांशी कधी नाही.

सिस्टर : नंबर आहे?

क्लॅरी : पाठ आहे. पहिल्याच दिवशी केला पाठ.

सिस्टर : मग लावा. मी ठेवते.

क्लॅरी : थांबा जरा. ती म्हणाली, कशाला केलास, तर?

सिस्टर : खरं ते सांगा. कोपर खरचटलंय.

क्लॅरी : एवढ्याशा खरचटण्यासाठी कोणी कोणाला फोन करतं का, सिस्टर?