गोल आधी खाली होतो

...नाही, ओरडावं माणसानं! गोल झाल्यावर ओरडायचं नाही तर काय जांभई द्यायची? पण गोल व्हायच्या आधी? मी शांत माणूस आहे हो! जन्मभर गाद्या-उशा भरल्या, कापसात हात घालून घालून स्वभावच मऊ झालाय, आवाज चढवायचा तर मला आधी खाकरावं लागतं. पण तुम्हाला सांगतो, हा आमच्या खालच्या मजल्यावरचा भोंगा... आईबापांनी नाव ठेवलंय त्याचं काहीतरी, पण एकदा ओरडताना ऐकलात तर तुम्हीही भोंगाच म्हणाल.

सगळी आग लावली त्या नव्या टीव्हीनं. आमचे चिरंजीव आले, भिंतभर टीव्ही लावला. "बाबा, आता केबल-बिबल काही नाही, सगळं इंटरनेटवर! बघा, खेळाडूच्या कपाळावरचा घाम दिसतो!" अरे, मला त्याचा घाम बघून काय करायचंय? आणि जुना टीव्ही? "तो खालच्या काकांना देऊन टाकू, त्यांच्याकडे केबल आहे." दिला. मीच जिन्यावरून उतरवला, मीच फडक्यानं पुसून त्याच्या टेबलावर ठेवला! आता ऐका. रविवारचा सामना, चेंडू आमच्या गोलकीपरच्या पायाशी, तो आपला मोजे वर ओढतोय, आणि खालून... "गोऽऽऽल!" कुणाचा? कुठला? मी टीव्हीच्या मागे जाऊन बघून आलो! आणि मग आरामात, सावकाश, आमच्या भिंतीवर तोच गोल झाला.

मुलाला फोन लावला. "बाबा, ते थोडं मागे चालतं." थोडं म्हणजे? "असेल अर्धा मिनिट." म्हणजे एवढा भिंतभर टीव्ही मला शिळा सामना दाखवतो? "पण बाबा, क्वालिटी बघा ना!" क्वालिटी! माझ्याच जुन्या टीव्हीवर खाली ताजा गोल, आणि मला वर क्वालिटी! आणि हा स्वतः काय करतो माहितीये? आला की त्याच टीव्हीवर व्हिडिओ गेम लावतो. चाळिशीचा घोडा, पोट मांडीवर आलंय, नुसते अंगठे चालतात. "बाबा, मी फायनल जिंकलो!" कुठे जिंकलास? सोफ्यावर! पण एक सांगू? मनातून मला त्याचा हेवा वाटतो. त्यानं बटण दाबलं की त्याचा गोल होतो, भोंग्याला आधी कळत नाही!

तुम्ही म्हणाल, मग खाली जाऊन बसा. बसलो होतो की! पण आमचे लोक गोलापाशी पोचले की हा मला कवटाळतो. माझं तोंड त्याच्या बनियनमध्ये, मी गोल बघू कुठून?

बरं, पुढे पुढे मला त्याच्या बोंबाच पाठ झाल्या. "अरेरेरे" म्हणजे चुकला. "आंधळा आहेस का रे!" म्हणजे पंच. मी इथे हिला सांगायचो, आता चेंडू बाहेर जाणार, आणि जायचा! ही विणता विणता म्हणायची, "एवढं कळतं तर खेळायला का नाही गेलात?"

आणि अशात आमची टीम फायनलला पोचली. मागे कप जिंकली तेव्हा मी नवा नवरा होतो. त्या दिवशी डोक्यावर गादी घेऊन पोचवायला निघालो होतो, तो गोल रस्त्यात कुणाच्या तरी रेडिओवर ऐकला. ऐकला! तेव्हापासून एकच इच्छा आहे हो. कपचा गोल आधी डोळ्यांनी बघायचा, मग कानांनी ऐकायचा. मोठं मागणं आहे का हे? तर फायनलच्या सकाळी ठरवलं, आज भोंग्याला झापायचाच. गेलो. दार उघडतो तर हा खूश! "या दादा! तुमच्या टीव्हीनं घरात जीव आणला बघा. बायको गेल्यापासून हाच काय तो बोलतो माझ्याशी." आता सांगा, ह्याला काय झापायचं? चहा प्यायलो, पडदे छान आहेत म्हणालो, वर आलो. मी शांत माणूस आहे हो!

सामना सुरू. खालून नेहमीच्या बोंबा चालू. गोल कुणाचाच नाही. शेवटी शेवटी खालून "पेनल्टीऽऽ!" मग आमच्याकडेही शिट्टी. आमचा कॅप्टन चेंडू घेऊन आला, पुसला, ठेवला, परत उचलून पुसला... अरे, बाळ आहे का ते? म्हणजे खाली एव्हाना लाथ बसलेली! मी कान टवकारले. काही नाही. "गोल" नाही. "अरेरे"सुद्धा नाही! मी म्हटलं, संपलं. अशी घाण मारली असणार की भोंग्याची वाचाच बसली. हिच्याकडे बघतो तर हिनं विणकाम खाली ठेवलेलं, चेहऱ्यावर आशा. मला बघवेना. उठलो, मोरीत गेलो, नळ सोडला, तोंडावर पाणी मारलं...

"अहो! गोल! अहो, गोल झाला ना!"

पळत आलो. भिंतीवर नुसते एकमेकांवर पडलेले खेळाडू. मग तोच गोल पुढून दाखवला, मागून दाखवला, वरून दाखवला. पण पुन्हा ऐकलेलाच ना!

तेवढ्यात बेल. दारात भोंगा. तोंड लालबुंद, ओठांना कापूस, काखेत उशी. "दादा, शब्द पाळला! वहिनी येऊन सांगून गेल्या, बाकी काय ओरडायचं ते ओरडा, फक्त गोलाला गप्प बसा, यांना आधी कळतं, मनाला लावून घेतात. उशीत तोंड खुपसलं मी! आला आवाज? आला का?"

मी हळूच हिच्याकडे वळलो. म्हणजे खाली चिडीचूप, तेव्हाच तुला कळलं होतं गोल झालाय? "कळलं की!" मग मी उठलो तेव्हा सांगायचं नाहीस? "वा! सांगितलं असतं तर तुम्हाला आधी नसतं का कळलं?"

घ्या! मी उशी हातात घेतली, उलटी केली. टाके माझे. ठासून भरलेला कापूस, माझाच हात. आवाज फुटेल कसा?

एका कोपऱ्यात त्यानं दातानं उसवली होती. म्हटलं, ठेव इथे, शिवून देतो. पुढच्या वर्षी लागेल तुला. मी शांत माणूस आहे हो... फक्त या खेपेला कापूस जरा कमी भरतो.