इंजिनातलं हिरवं पाकीट

पुली गावातल्या गॅरेजात टायर बदलून मिळायची वाट बघत बसलेल्या शूछिनच्या कानावर शेजारच्या गाडीपाशी चाललेलं बोलणं पडत होतं. मिस्त्री बॉनेटमध्ये वाकला होता आणि गाडीच्या मालकीणबाई, लिएन काकू, कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

“घाटात, भर वळणावर बंद पडली हो! जीवच गेला माझा.”

“काकू, हा बघा. इंजिनात हवा जाते त्या नळीवर बसवलेला, अंगठ्याएवढा. हवेचा दाब मोजणारा सेन्सर. हा सांगेल तेवढंच पेट्रोल सुटतं.”

“मग आज त्याची वाचा बसली का?”

“त्याची वायरच निघालीय. आणि कशानं, माहितीये? या खाऊच्या पाकिटानं!”

“अहो, ते मीच ठेवलंय. सगळे यंत्रांवर ठेवतात तसं, गाडीनं शहाण्यासारखं वागावं म्हणून. सगळं सुरळीत चालावं म्हणून लागतं ते हिरवंच आहे, तारीखही उलटलेली नाही.”

“हिरवं माझ्याही कॉम्प्युटरवर ठेवलंय, काकू. पण इंजिनात कोण कोंबतं? डोंगरावर हवा विरळ, त्यात इंजिन तापलेलं. पाकीट फुग्यासारखं फुगलं आणि वायर ढकलून दिली.”

“अगं बाई!”

“काय झालं?”

“लेकाच्या गाडीतही तिथंच ठेवलंय. तो आत्ता घाटात असेल!”

“मग बघताय काय? फोन लावा!”

काकूंनी फोन लावून स्पीकरवर टाकला. शूछिनही उठून उभी राहिली.

“आ-हाव! बाळा, कुठं आहेस?”

“घाटातच. गाडी सारखी आचके देत होती, आई. पण तू काळजी करू नकोस, वाटेत दुकान लागलं. तुझ्या पाकिटाशेजारी आणखी दोन कोंबलीत.”