‘पुरे’ म्हणणारे

मुलाच्या, सम्यकच्या, दुखऱ्या गुडघ्याच्या एक्सरेसाठी वैशाली ठाण्याच्या हॉस्पिटलात थांबली होती. मागच्या बाकावरच्या मायलेकींचं बोलणं नको असूनही तिच्या कानावर पडत होतं.

“दक्षता, सुदेशच्या हाडातल्या गाठीचा तुकडा कशाला मागतात गो?”

“मायक्रोआरएनए तपासायला, आई. पेशीतले एवढेसे रेणू असतात. त्यातले काही वाढीला ‘आता पुरे’ म्हणतात.”

“मग माझ्या पोराला कुनी ‘पुरे’ नाय म्हटला?”

“म्हणणारे कमी पडले का, तेच बघणार.”

“सापडले तर बरा होईल?”

“त्याचं अजून संशोधन चाललंय. आत्ता केमोच.”

“दर यात्रेला एकवीरा आईकडं मीच मागायची गो, पोराला उंच कर.”

“आई, तसं नसतं गं.”

वैशालीशेजारी सम्यकने पाय लांब केले.

“मम्मी, बघ ना, ही पँटपण आखूड झाली.”