पसंती शून्य पूर्णांक आठ

अरे, माह्या फझी लॉजिकच्या रिसर्चनं माहं लग्नच मोडलं असतं! त्या साली बोंडअळीनं सगळा कापूस खाल्लता. मी पुसदले पोरगी पाहाले गेलतो. चहा झाला अन् तिच्या बाबांनी विचारलं, "पोरगी पसंत हाय का?"

मी बोलून बसलो, "शून्य पूर्णांक आठ." आमच्या शास्त्रात पुरा 'हो' म्हणजे एक अन् पुरा 'नाही' म्हणजे शून्य, बाकी दुनिया मधातच असते.

बाबा ताडकन उठले. "माह्या पोरीले कापसावानी ग्रेड लावून राह्यले का?"

पोरगी दारातूनच म्हणे, "बसा ना बाबा. मी तं यायले शून्य पूर्णांक सहाच देते. पण यंदा याहून चांगला माल आलाच कुठी?"